वर्गातला सर्वांत म्हातारा मुलगा

एडवर्ड कलनचा जन्म १९०१ सालचा, शिकागोतला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत त्याचे आईवडील गेले, तोही जाणारच होता. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर स्वतः व्हॅम्पायर होता. त्यानं मरणाच्या दारातल्या या मुलाला चावून आपल्यासारखं केलं. तेव्हा एडवर्ड सतरा वर्षांचा होता आणि पुढे सतराचाच राहिला. स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' (२००५) या कादंबरीत तो अमेरिकेच्या वायव्य टोकावरच्या फोर्क्स गावी शाळेत जातो आणि जीवशास्त्राच्या तासाला बेला स्वान या नव्या मुलीशेजारी बसतो. शंभरी ओलांडलेला तो त्या वर्गात एकटाच, फळ्यापाशी उभ्या असलेल्या मास्तरांहूनही थोरला.

चाळिशी-पन्नाशीत हे पुस्तक उघडणाऱ्या वाचकाची जागा त्याच बाकावर आहे, असं मला वाटतं. पंधराव्या वर्षी वाचणारी मुलगी बेलाच्या डोळ्यांनी बघते: हा कोण, हा माझ्याकडे असा का बघतो? आपण मात्र या वयातून कधीचे बाहेर पडलेले असतो. पुढं काय होतं ते आपल्याला ठाऊक असतं, तरी त्या पहिल्या थरथरीची ओढ सुटलेली नसते. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेलं व्हॅम्पायर-साहित्य मोठ्यांनी वाचावं की नाही, या प्रश्नाचा विचार इथून सुरू केला, तर तो नुसता आवडीनिवडीचा उरत नाही.

मोठी माणसं ही पुस्तकं वाचतात, याबद्दल तर शंकाच नको. ग्रंथव्यवहाराची आकडेवारी ठेवणाऱ्या बाउकर या कंपनीनं २०१२ मध्ये अमेरिकेत पाहणी केली. १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेल्या पुस्तकांचे ५५ टक्के खरेदीदार अठरा किंवा त्याहून मोठे निघाले. त्यांतला सर्वांत मोठा गट ३० ते ४४ वयाचा, आणि बहुतेकांनी पुस्तक स्वतः वाचायलाच घेतलं होतं. दोन वर्षांनी रूथ ग्रॅहम यांनी 'स्लेट'मध्ये लिहिलं, की मुलांसाठी लिहिलेलं वाचताना मोठ्यांना संकोच वाटायला हवा. त्यांचा रोख वास्तववादी किशोरकादंबऱ्यांवर होता. 'ट्वायलाइट'सारखी पुस्तकं त्यांनी चर्चेतही घेतली नाहीत, कारण त्यांना गंभीर साहित्य कुणी म्हणतच नाही असं त्यांनी धरून चाललं. मला हे मान्य नाही. साहित्यमूल्याच्या कसोटीला यांतली बरीच पुस्तकं उतरत नाहीत, हे खरं. पण भूक, मोह, संमती आणि मृत्यू या चार गोष्टी इतक्या उघडपणे समोर ठेवणारा दुसरा लोकप्रिय प्रकार दाखवणं अवघड आहे.

हा प्रकार मुळात तरुणांनीच जन्माला घातला. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनच्या बंगल्यात जमलेली मंडळी पावसानं घरात कोंडली गेली आणि भुताच्या गोष्टी रचायची पैज लागली. त्यांतली मेरी, पुढची मेरी शेली, तेव्हा अठरा वर्षांची होती. तिच्या गोष्टीतून 'फ्रँकेन्स्टाइन' झालं. बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी वीस वर्षांचा. त्याची 'द व्हॅम्पायर' १८१९ मध्ये छापून आली आणि खेड्यातलं कुजकं प्रेत उमरावाचा अंगरखा घालून दिवाणखान्यात आलं. ले फानू यांच्या 'कार्मिला'मध्ये (१८७२) सांगणारी लॉरा एकोणीस वर्षांची. तिच्या घरी पाहुणी आलेली देखणी मुलगी प्रत्यक्षात दीड शतकापूर्वी मेलेली सरदारीण आहे. म्हातारं वय कोवळ्या चेहऱ्याआड लपवून कोवळ्या माणसाजवळ जाणं, हा सगळा सांगाडा तिथंच तयार होता. स्टोकरचा 'ड्रॅक्युला' (१८९७) आला आणि पुढची बरीच दशकं हा विषय मोठ्यांच्या भीतीचा झाला.

मुलांकडे तो परतला १९७९ मध्ये. जर्मन लेखिका अँगेला झोमर-बोडेनबुर्ग यांच्या 'छोटा व्हॅम्पायर' मालिकेत एका माणसाच्या मुलाची व्हॅम्पायर मुलाशी मैत्री होते. मग किशोरांची पाळी. या टप्प्यावरचं माझं सर्वांत आवडतं पुस्तक अ‍ॅनेट कर्टिस क्लॉज यांचं 'द सिल्व्हर किस' (१९९०). झोईची आई कॅन्सरनं मरते आहे. घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही, वडील इस्पितळात, जिवलग मैत्रीण गाव सोडून चाललेली. अशा वेळी तिला सायमन भेटतो. तो शतकानुशतकं मरू शकलेला नाही आणि आपल्या भावाच्या मागावर आहे. तो भाऊ लहान पोराच्या शरीरात अडकलेला व्हॅम्पायर आहे आणि निष्पाप चेहऱ्याच्या जोरावर बायकांना मारतो. मरण कसं स्वीकारावं, हे त्या मुलीला घरातलं कुणीच शिकवत नाही. शिकवतो तो, ज्याला मरण नाकारलं गेलं आहे. आईवडील गमावलेल्या वयात हे पुस्तक वाचलं तर त्यातला सायमन-झोईचा प्रेमभाग मागे पडतो आणि इस्पितळाचे प्रसंग जड होतात. पुस्तक लहानसं आहे. दोन संध्याकाळी पुरतील.

एल. जे. स्मिथ यांची 'व्हॅम्पायर डायरीज' (१९९१ पासून) मोठेपणी वाचवत नाही; दोन भाऊ, एक मुलगी, याच्या पलीकडे ती फारशी जात नाही. डॅरन शान यांची २००० मध्ये सुरू झालेली मालिका धाकट्या मुलांची आहे, तिच्यात व्हॅम्पायरांचे कायदेकानू आणि इमान यांचा थाट आहे. एम. टी. अँडरसन यांची 'थर्स्टी' (१९९७) मात्र सोडू नये. तिच्यातला क्रिस हळूहळू व्हॅम्पायर होत चालला आहे. दात बदलतात, तहान वाढते, चिडचिड होते आणि घरचे समजतात की वयात येतोय. वयात येणं बाहेरून बघताना आपण किती उडवाउडवी करतो, हे त्या कादंबरीनं दाखवलं. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या 'पीप्स'मध्ये (२००५) व्हॅम्पायर होणं हा परजीवीचा संसर्ग आहे आणि एकाआड एक प्रकरण खऱ्याखुऱ्या परजीवींच्या जीवनक्रमावर आहे. विज्ञानाची आवड असलेल्या मुलाच्या हाती हे द्यावं. हॉली ब्लॅक यांच्या 'द कोल्डेस्ट गर्ल इन कोल्डटाउन'मध्ये (२०१३) लागण झालेल्यांना भिंतींच्या आत कोंडून ठेवलं आहे आणि आतल्या मेजवान्या बाहेरची मुलं पडद्यावर थेट बघतात. करोनाच्या आधी सात वर्षं लिहिलेलं हे पुस्तक टाळेबंदीनंतर वाचताना अंगावर येतं.

आणि 'ट्वायलाइट'. त्यातलं गद्य सैल आहे, वर्णनांची पुनरुक्ती आहे, तरी मी चारही भाग सलग वाचले. दुसऱ्या भागाची, 'न्यू मून'ची सुरुवात बेलाच्या अठराव्या वाढदिवसानं होते. तिला स्वप्नात आजी दिसते आणि मग लक्षात येतं, की ती आजी म्हणजे आरशातली आपणच आहोत, शेजारी एडवर्ड मात्र तसाच. वय वाढण्याची भीती अठराव्या वर्षी! पंधरा वर्षांच्या मुलीला हे बहुधा ओझरतं वाटत असेल. मला तिथं थांबावं लागलं. पुढं एडवर्ड तिला सोडून जातो आणि पुस्तकाच्या पानांवर फक्त महिन्यांची नावं येतात, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, बाकी पान कोरं. दुःखात माणसाचे महिने कसे जातात, ते मायर यांना त्या कोऱ्या पानांत साधलं आहे.

पण मोठ्या वयाला याच पुस्तकात बोचणारंही पुष्कळ दिसतं. एडवर्ड बेलाला न सांगता तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिसऱ्या भागात, 'एक्लिप्स'मध्ये, तिनं जेकब या मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. कथेत याला काळजी म्हटलं आहे. ज्या आईनं किंवा बापानं वयात आलेल्या मुलीला वाढवलं आहे, त्यांना याला काळजी म्हणता येणार नाही. २०२० मध्ये मायर यांनी 'मिडनाइट सन' लिहून हीच कथा एडवर्डच्या तोंडून सांगितली. पहिल्याच दिवशी बेलाच्या रक्ताचा वास येताच तो वर्गातल्या सगळ्या मुलांना आणि मास्तरांना कोणत्या क्रमानं मारता येईल याचा हिशेब करतो. माझ्या मते मालिकेतलं सर्वांत प्रामाणिक पुस्तक तेच, कारण त्या बाकावर बसलेल्याला आपण किती धोकादायक आहोत हे पूर्ण ठाऊक आहे.

आता आपल्याकडे वळू. कारण मराठीत या विषयाचा कच्चा माल कुणालाही हेवा वाटावा इतका आहे.

वेताळ आपल्याला 'चांदोबा'नं घरोघर आणून दिला. त्याचं मूळ अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आणि त्याही मागे. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये या कथा इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाचं नावच 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' ठेवलं. पुढं 'ड्रॅक्युला' लिहिणारा स्टोकर या बर्टनला भेटला होता आणि बोलताना दिसणारा त्याचा सुळा त्याच्या लक्षात राहिला होता, असं स्टोकरनंच लिहून ठेवलं आहे. आपला वेताळ मात्र या गोष्टींत रक्त पीत नाही. तो प्रेतात बसतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. न्याय कुणाच्या बाजूनं, खरा त्याग कुणाचा, हे त्याचे प्रश्न. 'सिल्व्हर किस' किंवा 'थर्स्टी' चांगली आहेत ती याच जातकुळीची असल्यानं. तळकोकणात, आरवलीसारख्या गावी तर वेतोबा ग्रामदैवत आहे, त्याला चपला वाहतात. ज्याला एकीकडे घाबरायचं त्यालाच दुसरीकडे राखणदार मानायचं, हे आपल्या लोकांना कधी अवघड गेलं नाही.

दुसरा मुंजा. मुंज झालेली, सोडमुंज व्हायची राहिलेली, आणि मध्येच मेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. देशावरच्या कितीतरी गावांत त्याच्या नावाचा शेंदूर लावलेला दगड पिंपळाच्या पारावर असतो. दोन संस्कारांच्या मध्ये कायमचा अडकलेला हा पोर म्हणजे आपला खराखुरा किशोरवयीन अमर जीव. त्याची आणि एडवर्डची तुलना केली की फरक लगेच दिसतो. एडवर्डचं थांबलेलं वय पुस्तकात आकर्षण म्हणून मांडलं आहे. मुंजाच्या बाबतीत तेच वय वंचना आहे. जे मिळायचं होतं ते मिळालं नाही, म्हणून तो झपाटतो. या बाबतीत पिंपळाखालची समजूत मला कादंबरीपेक्षा जास्त खरी वाटते. आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकानं 'मुंज्या'मध्ये (२०२४) नेमकी ही जागा पकडली. गोट्याला मुन्नी हवी होती. मुन्नीची नात तरुण झाली तरी तो पोरगा तसाच हटून बसलेला आहे. चित्रपट हसवत आणि घाबरवत राहतो, गोट्याच्या मनात मात्र फार वेळ थांबत नाही. पुढच्या वर्षी त्याच दिग्दर्शकानं 'थामा'मध्ये बेताळांनाच रक्त पिणाऱ्यांची जमात केलं, तेव्हा बर्टनच्या पुस्तकाच्या नावातली कल्पना दीडशे वर्षांनी पडद्यावर पूर्ण झाली.

छापील मराठीत व्हॅम्पायर आणला तो नारायण धारपांनी. पुण्याचे धारप (१९२५–२००८) शंभरावर पुस्तकं लिहून गेले आणि ती वर्गणीच्या वाचनालयांनी जगवली. बांधणी निसटलेली, पानांना तेलाचे डाग पडलेली धारपांची प्रत ज्यानं पाहिली नाही असा माझ्या पिढीतला वाचक विरळा. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग यांच्या कल्पना त्यांनी मोकळेपणानं घेतल्या आणि त्यांना वाडा, माळ, परसातली विहीर दिली. किंगच्या 'सेलम्स लॉट'वर (१९७५) बेतलेली 'लुचाई' हे मराठीतलं या विषयावरचं महत्त्वाचं पुस्तक. त्यांची 'आजी' ही कथा दिग्दर्शक राही बर्वेंच्या मनात राहिली आणि तिच्यातून पुढं 'तुंबाड' (२०१८) उगवला. २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्या चित्रपटानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी खेचली, यावरून धारपांच्या बीजात केवढं बळ होतं ते कळतं.

पण धारपांच्या बहुतेक कथांत वाईट बाहेरून येतं. त्यांच्या कथांतल्या समर्थांसारखा जाणता पुरुष ते ओळखतो आणि त्याला हुसकावतो. भुकेलेल्याला स्वतःचं मन नसतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत भीती माणसाच्या मनातूनच उगवते, तिथं गुंतागुंत जास्त आहे. शिवाय मुलांसाठी रंगभूमी उभी करणारा हा लेखक. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आजही नाट्यगृहं भरते. म्हणजे एकाच लेखकाकडे आठ वर्षांच्या मुलासाठीची चेटकीण होती आणि मोठ्यांसाठीची 'खेकडा'ही होती. मधल्या पंधराव्या वर्षासाठी काय? 'किशोर' मासिक १९७१ पासून मुलांपर्यंत पोचतं आहे. 'नवल' आणि 'धनंजय' यांनी दिवाळीत मोठ्यांना भय-रहस्य पुरवलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे शाळकरी आहे पण तो चोर पकडतो, त्याला स्वतःच्या आत काही सलत नाही. 'साधना' दिवाळीला बालकुमारांचा आणि युवांचा असे वेगळे अंक काढते, म्हणजे ही फट इतरांनाही दिसली आहे. भुकेलेल्या जीवालाच 'मी' म्हणायला लावणारी, पंधरा वर्षांच्या वाचकाशी बरोबरीनं बोलणारी मराठी भयकादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

अशी कादंबरी लिहायची तर मावळाएवढी जागा मला दुसरी सुचत नाही. मायर यांनी फोर्क्स निवडलं ते इंटरनेटवर अमेरिकेतलं भरपूर पावसाचं गाव शोधून, आधी तिथं न जाता. व्हॅम्पायरांना ऊन नको होतं. फोर्क्सला वर्षाकाठी साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मावळातल्या लोणावळ्याला चार हजारांच्या वर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात खंडाळ्यापासून वलवणपर्यंत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, दुपारी दिवे लावावे लागतात, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. आणि लोकलनं तळेगावला उतरावं तर उघडीप असते. एका तालुक्यात सूर्याची अशी सरहद्द असणं ही या प्रकारच्या लेखकासाठी आयती मिळालेली देणगी आहे.

आणि मावळात थांबलेले, बुडालेले जीव पुष्कळ आहेत. पवना धरणाच्या पाण्यात गेलेलं वाघेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. नदीकाठी, झऱ्यावर साती आसरांचे दगड आहेत. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली; त्याआधी त्या कामावर हजारो मजूर कॉलऱ्यानं, तापानं, दगड कोसळून मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्याआल्याच वारला आणि त्याच्या पत्नीनं, अ‍ॅलिसनं, तो ठेका पुरा करवून घेतला. तिचं नाव इतिहासात राहिलं, मजुरांची राहिली नाहीत. आपल्या भयकथा मात्र खंडाळ्याला आल्या की साहेबाच्या किंवा शेठच्या रिकाम्या बंगल्यात शिरतात. बोगद्यात कुणी जात नाही. गो. नी. दांडेकर तळेगावात राहिले आणि 'पवनाकाठचा धोंडी', 'माचीवरला बुधा' यांतून त्यांनी तुंग आणि राजमाची मराठी वाचकाच्या मनात कायमची वसवली. त्यांना या मुलखाच्या मायेचा सूर सापडला. भीतीचा सूर अजून कुणी इतक्या जाणतेपणानं लावलेला नाही.

इथं मोठ्यांच्या वाचनाचा आणखी एक उपयोग आहे. 'ट्वायलाइट'मधला जेकब हा क्विल्यूट जमातीचा. ही जमात खरी आहे, ला पुश इथं समुद्रकाठी राहते. तिच्या मूळ कथेत लांडग्यांचं स्थान आहे ते मायर यांनी घेतलं आणि पुढं ते टीशर्टांवर छापलं गेलं. जमातीची खरी निकड त्सुनामीच्या पट्ट्यातून शाळा आणि घरं उंचावर नेण्याची होती. त्यासाठी २०१२ मध्ये कायदा होऊन त्यांना राष्ट्रीय उद्यानातली जमीन मिळाली. पंधराव्या वर्षी हे दिसावं अशी अपेक्षा नाही. पण आपल्याकडच्या भयकथांत मंत्र टाकणारा, करणी करणारा म्हणून ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी माणूस किती सहज उभा केला जातो, हे ज्याला खटकतं त्यानं ते मुलांना बोलून दाखवलं पाहिजे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण झालेली माणसं या राज्यात खरी आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अशी मारहाण पहिल्याच ओळींत नोंदलेली आहे. कथेतल्या वेताळावर प्रेम करायला आणि हा कायदा मनापासून हवा असायला एकाच माणसाला काही अडचण नाही. मला तरी कधी आली नाही.

वाचायला बसणाऱ्यांसाठी माझा क्रम असा. आधी 'सिल्व्हर किस'. मग 'थर्स्टी'. घरात मुलगी किंवा मुलगा 'ट्वायलाइट' वाचत असेल तर तेही त्याच आठवड्यात वाचावं, उशिरानं नव्हे, कारण बोलायची वेळ तेव्हाच असते. बेलाला ठाऊक नसताना तो खोलीत येतो ते पान एकत्र वाचावं. 'मिडनाइट सन' त्यानंतर, मोठ्यांनी एकट्यानं. 'लुचाई' पावसाळ्यात. आणि गावच्या वाचनालयाच्या समितीवर जे असतील त्यांनी या पुस्तकांसाठी बालविभागात जागा शोधू नये. धारप-मतकरींच्याच कपाटात, त्याच फळीवर ती ठेवावीत, म्हणजे धारपांसाठी आलेल्या बापाला 'थर्स्टी' सापडेल आणि 'ट्वायलाइट'साठी आलेल्या मुलीला 'लुचाई'.